माझ्या कादंबरीचे विमान

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक थरारक कादंबरी लिहायला घेतली, हे आमच्या वर्गात फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे ते हसतात. नायक विक्रम आणि त्याचा जिवलग मित्र मिग-२१ विमानातून शत्रूच्या मुलखात शिरतात, वाटेत गप्पा मारतात, आणि परतताना विक्रम खिडकी उघडून गुप्त नकाशा खाली टाकतो, असे पहिले प्रकरण होते. आमचे गाव ओझरजवळ. तिथल्या कारखान्यात पूर्वी मिग-२१ तयार होत, तेव्हा विमानांची माहिती आपल्याला उपजतच आहे, असा माझा समज!

मराठीच्या सरांनी वही वाचली आणि एवढेच विचारले, "अरे, त्या विमानात बसायला जागा किती?"

लागलो शोधायला. शेजारी शब्दकोश ठेवून ग्रंथालयातली इंग्रजी पुस्तके चाळली आणि माझ्या कादंबरीची पार दैना झाली. लढाऊ मिग-२१ मध्ये आसन एकच. दोन आसनांचे असते ते शिकाऊ वैमानिकांसाठी. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारे हे विमान. त्यातून खिडकी उघडून नकाशा टाकणे कुठले! आणि इंधन इतके बेताचे, की विक्रमला शत्रूच्या राजधानीवर घिरट्या घालायला सवडच नव्हती.

याच शोधात बेलेन्को भेटला. ६ सप्टेंबर १९७६ रोजी हा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन पळाला आणि जपानमधल्या हाकोदाते विमानतळावर उतरला. टाकी जवळजवळ कोरडी, आणि धावपट्टी संपली तरी विमान थांबेना. पुढे अमेरिकन तज्ज्ञांनी ते उघडून पाहिले. ज्या विमानाची एवढी धास्ती घेतली होती, त्याचा सांगाडा बहुतांशी पोलादाचा आणि आत जुन्या रेडिओत असत तसले व्हॉल्व्ह! मी हे मनाने लिहिले असते, तर सरांनी नक्की खोडले असते.

आई म्हणाली, "परीक्षेला आहे का रे हे?" आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेला नसलेले माणूस कशाला शिकतो, हे तिला सांगणे मला अजून जमलेले नाही. मी "नाही" म्हटले. ती म्हणाली, "मग मामाला विचार."

मामा हवाई दलात मेकॅनिक होते. नोकरीविषयी ते कधी बोलत नाहीत. मी वही काढून वेग विचारला, क्षेपणास्त्रे विचारली, रडार विचारले. प्रत्येकाला एकच उत्तर, "ते सांगायचं नसतं." शेवटी मी चिडून म्हणालो, "मामा, मग तुमचं काम तरी काय होतं?"

"हत्यारं मोजायची," मामा म्हणाले. काम उरकले की पेटीतला एकेक पाना, एकेक स्क्रू ड्रायव्हर मोजायचा. एक जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान जागचे हलायचे नाही. "आणि साहेब आत बसले की पट्टे आवळून द्यायचे, अन् शिडी काढून घ्यायची."

मग बराच वेळ ते अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले.

"एकदा शिडी काढली, अन् विमान माघारी आलंच नाही. माझ्याहून धाकटं पोरगं होतं. त्या रात्री पेटी तीनदा मोजली. सगळी हत्यारं जागच्या जागी होती. तरी मोजतच होतो."

काय बिघडले होते, हे मी विचारले नाही. वही केव्हाच मिटली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा मामांनी टीव्हीवरचा तो सगळा सोहळा उभ्याने पाहिला होता. त्या वेळी मला त्याची गंमत वाटली होती.

विक्रमला मी आता रजा दिली आहे. नव्या पहिल्या प्रकरणात विमान ढगाआड जाते आणि खाली एक माणूस शिडी धरून उभा राहतो. मित्र म्हणतात, यात थरार कुठे आहे? असेल-नसेल. माझे दुसरे प्रकरण मात्र अडले आहे. ती शिडी मामांनी मग कुठे नेऊन ठेवली, हे विचारायला मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, आणि चहा पिऊन परत आलो.