अति तातडीचे



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. पुण्याच्या भाचीचा फोन आला, "मामा, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. लाज वाटत होती म्हणून लिहीत नव्हतो. परवा सूनबाईच म्हणाली, "तात्या, लिहा. आपलं झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये." म्हणून आज बसलो.

नातेवाइकांना ठाऊक आहे, पण नव्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या हिनं गल्लीतल्या दहा-बारा बायकांना धरून बचत गट काढला होता. कुरडया, पापड, शेवया, काळा मसाला. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा सूनबाईनं फेसबुकवर गटाचं पेज काढलं. बघता बघता पुण्या-नाशिकहून मागण्या यायला लागल्या. ही तीन वर्षांपूर्वी गेली. पेजवर तिचा एक फोटो होता. पहाटेची वेळ, समोर गव्हाच्या चिकाचं पातेलं, हातात सोऱ्या आणि 'आता फोटो कसले काढता' असा चेहरा.

पेज सूनबाईच्या खात्यातून चालतं. ती मालाच्या मागे फिरते, म्हणून घरातल्या जुन्या मोबाइलवर गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे. शुद्धलेखन तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला 'भाव काय' या प्रश्नाचं उत्तर देणं काय अवघड?

चैत्रातली दुपार होती, ऐन हंगाम. पेजच्या निरोपांत एक निरोप आला. निळं चिन्ह, नाव फेसबुकच्या मदत कक्षाचं वाटावं असं. मजकूर असा, की तुमच्या पेजनं कॉपीराइटचा भंग केल्याची तक्रार आली आहे, चोवीस तासांत खालील दुव्यावर अपील करा, नाहीतर पेज कायमचं बंद होईल.

आता गंमत बघा. आदल्याच आठवड्यात आम्ही कुरडई तळतानाचा व्हिडिओ टाकला होता आणि मागे एका सिनेमातलं गाणं लावलं होतं. चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, सापडलो. शिवाय मराठी अगदी शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. मला तेच खरेपणाचं लक्षण वाटलं. वास्तविक पस्तीस वर्षांच्या नोकरीत बिनचुकीचं सरकारी परिपत्रक मी पाहिलेलं नाही, तेव्हा शंका तिथेच यायला हवी होती. पूर्वी असले निरोप मोडक्यातोडक्या भाषेत येत आणि लगेच ओळखू येत. आता यंत्रं चांगलं मराठी लिहून देतात.

दुवा दाबला. पान हुबेहूब फेसबुकचं. पेजचं नाव, मोबाइल नंबर, ईमेल विचारलं, भरलं. पासवर्ड विचारला, तो सूनबाईनं वहीत लिहून ठेवला होता, भरला. मग म्हणे, मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड टाका. मोबाइल सूनबाईचा आणि ती नगरला गेलेली. (अहिल्यानगर हे नाव २०२४ मध्ये आलं, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) तिला फोन केला.

"कोड आलाय का? सांग पटकन."

"कशाला हवाय, तात्या?"

"मी सांगतोय ना. दे."

तिनं दिला.

मंडळी, मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. त्या पोरीनं योग्य प्रश्न विचारला होता. मी तो सासरेपणाच्या आवाजात दाबला.

संध्याकाळी ती घरी येईपर्यंत खातं तिच्या हातातून गेलं होतं. पासवर्ड बदललेला, पेजच्या कारभारातून तिचं नाव काढलेलं. दिवाळीत पाचशे रुपयांची जाहिरात करायला कार्ड जोडलं होतं, त्यावरून कुणाच्या तरी जाहिरातींचे तीन वेळा मिळून सात हजार चारशे रुपये गेले. तिनं आधी बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, मग १९३० वर तक्रार नोंदवली. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे. पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरात करावा, कारण चोराच्या खात्यातून रक्कम पुढे जाण्याआधी अडवता आली तरच उपयोग. तिचं स्वतःचं खातं दोन दिवसांनी परत मिळालं. पेज मिळालं नाही. आज त्याला वेगळंच नाव आहे आणि वर गॉगल नि घड्याळं विकायला आहेत. पण खाली खाली गेलं, की आमची ही अजून सोऱ्या धरून बसलेली दिसते.

मला रागावलं कुणी नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

नंतर खूप विचार केला. बी.ए. झालेला, वर्तमानपत्र रोज वाचणारा माणूस असा कसा फसला? उत्तर मला माझ्या नोकरीत सापडलं. शाळेत 'अति तातडीचे' असं वर छापलेलं पत्र आलं, की आम्ही माहिती भरून त्याच दिवशी पाठवायचो. का हवी, कुणाला हवी, हे कधी विचारलं नाही. पुढे वर्गात मुलांनाही तेच शिकवलं, की मोठ्यांनी मागितलं तर द्यायचं, उलट प्रश्न करायचा नाही. 'कर नाही त्याला डर कशाला' म्हणतात, पण या धंद्यात डर असलेला माणूसच सापडतो. ज्याला पेजची, नावाची, हंगामाची काळजी आहे, तोच धावत जातो.

याउलट माझे वडील तिसरीच शिकलेले. आमच्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते मला घेऊन जायचे. बैलाचे दात बघायचे, चालवून बघायचे, कुठल्या दावणीचा ते विचारायचे. म्हणायचे, "दलाल घाई करायला लागला, की समजावं, जनावरात खोट आहे." चोवीस तासांची मुदत म्हणजे तीच दलालाची घाई. हे मला ठाऊक होतं, पण मोबाइलवर आठवलं नाही.

आता सूनबाईकडून आणि तिच्या नगरच्या मैत्रिणीकडून जे शिकलो, ते सांगतो.

पहिलं म्हणजे, पेजवर कारवाई झाली असेल तर ती फेसबुकच्या आतच, पेजच्या स्थितीच्या किंवा मदतीच्या भागात दिसते. गिऱ्हाइकं जिथे 'भाव काय' विचारतात त्या निरोपांत ती येत नाही. तिथे आलेला निरोप कुणा तिऱ्हाइताचा असतो, नाव आणि चिन्ह काहीही लावलेलं असो.

दुसरं, दुव्याचा पत्ता मागून वाचायचा. घोडेगाव एकच नाही. आमचं नेवासा तालुक्यातलं आणि एक पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात. गावाचं नाव वाचून टपाल पोचत नाही, तालुका-जिल्हा बघावा लागतो. तसंच इथे. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचं नाव आणि डॉट कॉम वगैरे असतं, तो जिल्हा. सुरुवातीला कुणीही 'फेसबुक' लिहू शकतो. आमच्या दुव्यात फेसबुक होतं, पण ते गावाच्या जागी होतं. जिल्हा परकाच होता.

तिसरं जरा अवघड आहे. फेसबुकची ईमेल 'फेसबुकमेल डॉट कॉम'वरून येते, म्हणून तिथून आलेलं सगळं खरं, असं मानू नका. चोर स्वतःचं व्यवसाय खातं काढतात, त्याच्या नावातच 'तुमचं पेज बंद होत आहे' अशा धमक्या घालतात आणि फेसबुकच्याच सोयीनं तुम्हाला आमंत्रण धाडतात. पोस्टमन खरा, पाकीट खरं, आतला मजकूर खोटा. म्हणून ईमेलमधला दुवा दाबायचाच नाही. आपण होऊन फेसबुक उघडायचं आणि आत काही सूचना आहे का ते बघायचं.

चौथं, दुव्यावरून उघडलेल्या अपिलाच्या फॉर्मात पासवर्ड आणि कोड मागितला, की तिथेच थांबायचं. अपील करणं आणि घराची किल्ली देणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय पेजला विश्वासातले दोन कारभारी असावेत, जाहिरात संपली की कार्ड काढून टाकावं आणि पासवर्ड वहीत लिहू नये. (ती वही सूनबाईनं चुलीत घातली.)

आमच्या शेजारचं शनिशिंगणापूर दारं-कड्या नसलेलं गाव म्हणून जगाला ठाऊक आहे. २०११ मध्ये तिथे बँकेची शाखा बिनकुलपाची म्हणून गाजली. त्याच देवस्थानाच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याचं प्रकरण २०२५ च्या जुलैत पोलिसांत आणि विधानसभेत गेलं. जिथे लोकांचा विश्वास जास्त, तिथे चोराला कष्ट कमी, दुसरं काय?

आता घरात नियम केलाय. कुणीही कोड मागितला, अगदी मी मागितला, तरी आधी विचारायचं, "कशाला?" आणि मागणाऱ्यानं नीट उत्तर द्यायचं. मागच्या आठवड्यात मी गॅसच्या नोंदणीसाठी कोड मागितला, तर सूनबाईनं हसत हसत विचारलंच. मी उभा राहून उत्तर दिलं, वर्गातल्या पोरासारखं.

पलीकडच्या गल्लीतल्या गटाच्या बाईंनाही परवा तसाच निरोप आला. त्या मोबाइल घेऊन आल्या, "सर, हे खरं का हो?" आम्ही पत्ता मागून वाचला. जिल्हा परका निघाला. त्यांनी तो निरोप पुसून टाकला आणि चहा घेऊन गेल्या.

असो. नवीन पेज काढलंय. मागण्या थोड्या आहेत, पण जुनी गिऱ्हाइकं फोन करून शोधत येताहेत. हिचा तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, तो सूनबाईनं नव्या पेजवर पहिलाच लावला.