सुतळीवरचं अलाइनमेंट

लागुना सेकाच्या रेस ट्रॅकवर गाडी पळवायला जायचं म्हटलं की आदली संध्याकाळ गॅरेजच्या फरशीवर जायची. कॅलिफोर्नियातल्या आमच्या कंपूची लाडकी गाडी म्हणजे १९८९ साली आलेली पहिल्या पिढीची माझ्दा मियाटा. अंगाने हलकी, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट फिरवले की चाकाचा कोन बदलतो; अर्थात, ते गंजून धरले नसतील तर.

चाकं नीट लावायला तेव्हा सगळी भिस्त सुतळीवर. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड ठेवून ती ताणून बांधायची. मियाटाच्या मागच्या चाकांमधलं अंतर पुढच्यांपेक्षा किंचित जास्त, म्हणून सुतळी समांतर करताना माप हबच्या मध्यापासून घ्यायचं. टायरखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन टाइल्स, म्हणजे चाक मोकळेपणी सरकतं. एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, कारण माणसाच्या वजनाने गाडी दबते आणि कोन बदलतो. दुसऱ्याने उकिडवं बसून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंत पट्टी लावायची. “अजून अर्धा मिलिमीटर आत घे रे!” आधी कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल; टो, म्हणजे चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणं, शेवटी. कॅम्बर हलला की टो हलतोच.

वळणावर गाडी कलते आणि बाहेरच्या टायरची बाहेरची कड रगडली जाते. म्हणून चाकाचा माथा आत झुकवायचा: पुढे अडीच-तीन अंश, मागे थोडा कमी. पुढचा टो शून्य, मागे जरासा टो-इन, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी मागची बाजू सरळ राहते. ट्रॅकवरून आल्या आल्या टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर तपासायचं. खरा निकाल तिथे लागायचा.

आता चाकांना प्लेटा अडकवल्या की कॅमेरे पडद्यावर दशांशात आकडे दाखवतात. सुतळीला न कळणारा कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल, तोही त्यात येतो. यंत्र अचूक आहे, यात वादच नाही. पण पडद्यावरचा हिरवा रंग कंपनीने रस्त्यासाठी ठरवलेल्या मापाचा असतो. ट्रॅकचं माप तिथे लालच दिसणार. शिवाय आजच्या कित्येक गाड्यांना पुढचा कॅम्बर बदलायची सोयच कंपनी देत नाही. चार मित्रांनी फरशीवर बसून मिलिमीटरसाठी हुज्जत घालावी, असं आता फारसं उरलेलं नाही, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते.

तुमच्याकडे जुनी मियाटा असेल, तर एकदा तरी सुतळी बांधा आणि मग यंत्रावर पडताळून बघा. बोल्ट शेवटचे आवळताना मात्र गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर असताना आवळले, तर रबरी बुशांना पीळ बसतो आणि ते लवकर फाटतात.