कोबीची पानं

या विषयावर दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे धाडसच. फराळाचं ताट शेजारी ठेवून अंक वाचला जातो आणि तो घरातली पुरुषमंडळीही वाचतात. पण त्यांनी वाचलं तर बरंच होईल. माझ्या गोष्टीतला कोबी आणला तो आमच्या जावयांनीच.

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीत गाठ येते, सूज चढते, थंडी वाजून ताप भरतो, त्या दुखण्याची ही गोष्ट. डॉक्टर त्याला स्तनदाह म्हणतात. गाईम्हशींना हेच झालं की गोठ्यात त्याला ‘दगडी’ म्हणतात. मला विचाराल तर गोठ्यातला शब्दच खरा!

मी तो दगड सोसला १९९० साली, मे महिन्यात. पहिलं बाळंतपण, अर्थात माहेरी, दादरला. मुलगी अठरा दिवसांची. सकाळी उठले ती कुडकुडतच. डाव्या बाजूला लालभडक पट्टा उठलेला, पदराचा स्पर्शही सोसवेना. दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. दोन खोल्यांत बाबा, भाऊ, बाळ पाहायला येणारेजाणारे. सांगणार कुठे आणि कसं? मुलीला मी सारखी उजवीकडेच घेते, यावरून तिसऱ्या दिवशी आईनेच ओळखलं.

आई लगेच कामाला लागली. अळशीचं पोटीस शिजवून चटके बसेल इतकं गरम बांधलं. मग तेल लावून, गाठ फुटायला हवी म्हणून अंगठ्याने दाबून दाबून चोळलं. मी उशीचा कोपरा दातांत धरला होता. आणि त्या बाजूचं पाजणं बंद. “नासलेलं दूध पोरीच्या पोटात नको गं बाई,” आई म्हणाली. शेजारच्या मावशी मोगऱ्याचे गजरे घेऊन आल्या. छातीवर बांध, दूध आटेल नि ठणका जाईल, असं त्यांचं म्हणणं. मोगऱ्याने दूध आटतं हे काही अगदीच खोटं नाही. १९८८ साली डॉक्टरांनी बाळंतिणींवर करून पाहिलं, तर फुलांनी दूध खरोखरच कमी झालं. पण जिला पुढे वर्षभर पाजायचंय, तिला ते कशाला?

सहाव्या दिवशी गळू झालं. इस्पितळात नेऊन चीर द्यावी लागली. पट्टी बांधता बांधता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पाजणं कुणी थांबवलं?” आई दाराशीच उभी होती. मी म्हटलं, “मीच.”

त्या बाजूचं दूध मग पुन्हा फारसं आलं नाही. मुलगी अर्धी माझ्यावर आणि अर्धी वरच्या दुधावर वाढली. चांगली वाढली, पण व्रण अजून आहे.

तीच मुलगी २०२३ साली बाळंत झाली. हल्ली लेकी माहेरी येत नाहीत, आईच लेकीकडे जाते. तशी मी ठाण्याला गेले होते. तिसऱ्या आठवड्यात एकदा मध्यरात्री तिने हाक मारली. अंगात ताप, उजव्या बाजूला तोच लाल पट्टा. मी तडक स्वयंपाकघरात जाऊन शेकायला तवा गॅसवर ठेवला. तेहतीस वर्षांपूर्वी याच शेकाने माझं काय केलं होतं ते मला माहीत, तरी हात आपोआप तव्याकडेच गेले. पाठोपाठ लेक आली नि तिने गॅस बंद केला.

“आई, शेक नको. थंड हवंय.”

बाळंतिणीला थंड! माझ्या काळजात धस्स झालं. पण तिने विचारून ठेवलं होतं, आणि तिचं बरोबर निघालं. आत दुधाचा खडा अडकलेला नसतो. सूज येऊन दुधाच्या नळ्या आवळल्या जातात. उष्णतेने सूज आणखी वाढू शकते, आणि जोराने चोळलं तर आतल्या नाजूक भागाला इजाच होते. पुस्तकंसुद्धा कित्येक वर्षं शेकच सांगत होती. स्तनपानाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली सल्ला बदलला: थंड घड्या ठेवा, चोळू नका. पाजणं मात्र थांबवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या पुस्तिकेतही होतं. ते दूध बाळाला बाधत नाही. एकदम तोडलं तर आत तुंबतं. उलट यंत्र लावून सारखं पिळून काढलं तर शरीर आणखी दूध तयार करतं, म्हणून तेही नको. बाळ मागेल तसं पाजावं, बस्स.

सकाळी जावई पिशवीभर कोबी घेऊन आले. “इतकी भाजी कुणाला?” मी विचारलं. त्यांनी न लाजता सांगितलं. मीच लाजले. पानं धुऊन फ्रीजमध्ये गार करायची, जाड शीर लाटण्याने ठेचायची, आणि कोमेजेपर्यंत छातीवर ठेवायची. बोंडाला चिरा असतील तर तिथे नाही. कोबीत काही जादू आहे म्हणावं, तर १९९५ सालच्या एका अभ्यासात गार पानं आणि गार जेलच्या पिशव्या यांचा आराम सारखाच भरला. मला वाटतं गुण गारव्याचा. पण कोबी घरोघरी मिळतो, शिवाय पानाला छातीचा आकारही असतो!

हळदीचा लेप मी सुचवला, तोही नाकारला गेला. बाळाच्या तोंडात जातो. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाच्या जवळपासही नको. खरा उपाय म्हणजे झोप. दोन दिवस लेक फक्त पाजायला उठली. दुपटी, लंगोट, भांडी सगळं जावयांनी केलं. डॉक्टरांना विचारून तापाची गोळी दिली आणि चोवीस तासांत उतार पडला नाही तर दवाखान्यात जायचं असं घड्याळ पाहून ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला.

दादरला आईला फोन केला. तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची. सगळं ऐकून घेतलं आणि जरा वेळाने म्हणाली, “म्हणजे मी तुझं चुकीचंच केलं का गं?”

“नाही गं आई. तेव्हा डॉक्टरही शेकच सांगायचे.”

एवढं खरं होतं. पाजणं तोडल्याचं ती बोलली नाही, मीही बोलले नाही.

उरलेल्या कोबीची त्या दिवशी मी चण्याची डाळ घालून भाजी केली. जावयांनी दोनदा मागून घेतली.