काचबिंदू, की नसेचा ‘अटॅक’?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तरीच्या एक आजी सुनेबरोबर तपासायला आल्या होत्या. उजव्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हते. आत पाहिले, तर डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी मोठा खड्डा. डोळ्याचा दाब १६, म्हणजे नॉर्मल. ‘नॉर्मल दाबातही काचबिंदू होतो,’ असे मनाशी म्हणत मी थेंब लिहून दिले.

उठता उठता सूनबाईंनी विचारले, “डॉक्टर, आईंना पथ्य काय? हल्ली त्या भाकरी दुधात कुस्करूनच खातात. चावताना जबडा दुखतो म्हणतात.”

मी दोघींना परत बसवले.

डोळ्याची नस म्हणजे सुमारे १० ते १२ लाख बारीक तंतूंची जुडी. नसेच्या तोंडाशी एक लहानसा खळगा बहुतेकांना असतो. काचबिंदूत हे तंतू वर्षानुवर्षे थोडे थोडे मरतात आणि खळगा मोठा होत जातो. नजर बहुधा कडेने कमी होते, दुखत नाही, म्हणून रुग्णाला पत्ताच लागत नाही.

दुसऱ्या आजारात नसेच्या तोंडाचा रक्तपुरवठा अचानक तुटतो. याला इस्केमिक ऑप्टिक न्यूरोपॅथी म्हणतात. नजर एकदम जाते. अनेकांना सकाळी उठल्यावरच ते कळते. कुणाला खालचा अर्धा भाग पडदा टाकल्यासारखा दिसेनासा होतो. नस आधी सुजते आणि काही आठवड्यांनी पांढरी पडते. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असलेल्यांना याचा धोका जास्त.

बहुतेकांमध्ये यानंतर मोठा खड्डा पडत नाही. पण पन्नाशीनंतर काही थोड्या जणांमध्ये धमन्यांनाच सूज येते (जायंट सेल आर्टरायटिस). त्यांच्या नसेला मात्र काचबिंदूसारखाच खड्डा पडू शकतो. मग फरक कसा करायचा? खड्ड्याच्या कडेवरून. काचबिंदूत उरलेली कड बहुधा गुलाबी राहते; इथे कडही पांढरी पडते. मी खड्डा पाहिला होता, कड नीट पाहिली नव्हती.

पुन्हा पाहिले. कड पांढरीफटक.

“आजी, नजर हळूहळू गेली का?”

“छे! दोन महिन्यांमागं सकाळी उठले, तर डोळा गेलेला.”

केस विंचरताना डोकेही दुखत होते. कानशिलाजवळची धमनी दोरीसारखी टणक लागली. ईएसआर खूप वाढलेला निघाला. बायोप्सीची वाट न पाहता त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केले. अहवाल नंतर आला, निदान तेच होते. गेलेली नजर परत आली नाही. पण या आजारात उपचार नसतील, तर दुसरा डोळाही काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो. आजींचा तो वाचला. माझे थेंब घेऊन त्या घरी गेल्या असत्या, तर?

तेव्हापासून डोळ्यात पाहण्याआधी मी विचारतो, “हळूहळू, की एकदम?”

तुम्हीही हे लक्षात ठेवा. नजर एकदम गेली, तर डोळा दुखत नसला तरी त्याच दिवशी दाखवा. वय पन्नाशीपुढे असेल आणि डोके किंवा चावताना जबडा दुखत असेल, तर तेही न विचारता सांगा. डोळ्याच्या डॉक्टरला जबड्याचे काय सांगायचे, असे वाटू देऊ नका. सूनबाईंनी ते सांगितले, म्हणून एक डोळा राहिला.