पिन काढायचा चिमटा

मोताळ्यात आज्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला गेलो. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा घरात तेवढा एकच. पिन घट्ट ठोकलेली. गिरणीत तुटलं सूत जोडणाऱ्या बोटांनीच ती ओढली अन् जातीच्या रकान्याला भोक पडलं. काळीज हाललं.

झेरॉक्सवाला म्हणाला, "दादा, चिमटा मागायचा ना!" सापाच्या जबड्यावाणी हत्यार. दाबलं की समोरासमोरचे दात पाचरीसारखे पिनेखाली शिरतात, तिला वर उचलतात, मागचे वळलेले पाय सरळ होतात. शिकागोच्या पॅन्कोनिनला १९३६ साली याचं पेटंट मिळालं. आमच्या हातात ते आज आलं.

मित्रांनो, ज्या शब्दानं आज्याला वेशीबाहेर ठेवलं, तोच शब्द आता हक्कासाठी दाखवावा लागतो. म्हणून कागद जपा. फाडायची ती जात, दाखला नाही.