नवेगावच्या तलावांवर पाखरं मोजताना

कोहमारा फाट्यावरून नवेगावबांधच्या रस्त्याला लागलं की धानाच्या बांध्या, तलाव, जंगल आणि पुन्हा बांध्या, असं सुरू होतं. जानेवारी अर्धा सरला होता. धान कापून गेलेलं, आणि धसकटांमध्ये लाखोळीची निळी फुलं. आम्ही तिघं संध्याकाळी नवेगावबांधला पोचलो, लवकर जेवलो आणि दुर्बिणी, वह्या, बॅटऱ्या उशाशी घेऊन झोपलो. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या देशात ती १९८७ पासून चालू आहे, आणि तिची बरीचशी मदार हौसेनं पाखरं पाहणाऱ्यांवरच आहे. त्या गणनेसाठी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले काही तलाव आम्ही वाटून घेतले होते.

पहाटे पाळीवर उभे राहिलो तेव्हा पाणी दिसत नव्हतं. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही. त्या वेळी नोंद कानांनीच करायची. रेकॉर्डर सुरू केला आणि वाऱ्याच्या आडोशाला दगडावर ठेवला. पहिला आवाज आला तो अडईंचा. बारीक, दोन सुरांची शीळ, आधी एक, मग डोक्यावरून सगळा थवाच. अडई रात्री धानाच्या बांध्यांत आणि दलदलीत चरतात आणि उजाडायच्या आत तलावावर परततात. हे येणं ऐकायचं तर सूर्याच्या आधीच पोचायला हवं. उन्हात आलेल्या माणसाला फक्त पाण्यावर गप्प बसलेली तपकिरी बदकं दिसतात. दूर कुठे तरी टिटवी ओरडली. ध्वनिमुद्रण थांबवण्याआधी मी तारीख, वेळ आणि जागा हळू आवाजात सांगितली. एवढं केलं नाही तर महिन्याभरानं तो नुसता एक सुंदर आवाज उरतो, पुरावा उरत नाही.

धुकं विरलं आणि सातबहिणींच्या टेकड्या दिसू लागल्या. नवेगावबांधचा तलाव सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं परंपरा सांगते. या सात टेकड्यांनी बांधाला हात दिला, आणि कोलू पाटील पुढे कोलासुर देव झाले. मला ही गोष्ट मनापासून पटते. ज्यानं इतक्या शेतांना आणि इतक्या पाखरांना पाणी दिलं, त्याला देव म्हणण्यात काहीच वावगं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. बरेचसे कोहळी समाजाने बांधले. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जुनी पद्धत, गेली तेव्हा ते सरकारकडे आले, आणि माजी मालगुजारी तलाव असं लांबलचक नाव लोकांनी ‘मामा तलाव’ करून जवळचं केलं.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले. जंगलातल्या आणि पाण्यावरच्या माणसांकडून शिकत शिकत त्यांनी जे जमवलं, त्याचं मोल आज पाळीवर उभं राहिलं की कळतं. त्यांचा ‘पक्षीकोश’ आमच्या पिशवीत होताच.

मोजणीला सुरुवात केली. स्टँडवरची दुर्बीण डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवायची. आधी पन्नास पक्षी नीट मोजायचे, तेवढा थवा नजरेत बसवायचा आणि मग मोठ्या थव्यात असे किती पन्नास बसतात ते पाहायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे जुळले नाहीत तर पुन्हा. या कामात घाई केली की सगळं फुकट जातं. समोर वारकरी पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे पसरले होते आणि त्यांच्या आसपास गडवाल. वारकरी बुडी मारून तळाची वनस्पती वर आणतो, आणि शेजारी टपून बसलेला गडवाल त्याच्या चोचीतून ती ओढून घेतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहतो आणि मोजणी विसरायला होते. उथळ काठाला शेकाटे, एक मुग्धबलाक शिंपल्याशी झटत होता, आणि पलीकडे मोठ्या लालसऱ्या. नराचं नारिंगी डोकं आणि लाल चोच उन्हात अशी काही पेटते की मध्य आशियातून तो इथवर आला हे खरं वाटत नाही. तो येतो तो पाण्याखालच्या हिरवळीसाठी. काठाच्या एका खडकावर पाणमांजराची विष्ठा सापडली, माशांच्या खवल्यांनी आणि काट्यांनी भरलेली. तिचा फोटो शेजारी पट्टी ठेवून घेतला आणि वहीत वेगळ्या पानावर नोंद केली.

तिथून निमगावला गेलो, आणि सकाळचा सगळ्यात मोठा आनंद मला इथेच मिळाला. तलाव लहान, पण कमळपक्षी पानांवरून चालत होते. त्यांतल्या लांब शेपटीच्या जातीची शेपटी हिवाळ्यात गळून गेलेली असते. पांढऱ्या पंखांवरून ओळखावं लागतं. काणूक बदकांची जोडी शिंगाड्याच्या वेलांमधून तरंगत होती. आपल्याकडचं हे सगळ्यात छोटं बदक, आणि वनस्पतींनी भरलेल्या तलावाशिवाय ते राहत नाही.

पाळीवर जाळं सोडवत बसलेल्या एका ढीवर काकांनी विचारलं, “पाखरं मोजून का कराचं जी?”

“पुढच्या वर्षी कमी झाली तर कळायला हवं ना, काका.”

“कमी झाली तं समजाचं, पाण्यात काई उरलं नाई.”

आमच्या सगळ्या तक्त्यांचं काम त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. या तलावात पूर्वी बेशरम माजलं होतं. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली झुडपं काठ गिळत गेली की आतल्या वनस्पती जातात, त्यांच्याबरोबर देशी मासे जातात आणि ढीवरांची कमाईही. तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं इथल्या ढीवरांनी, त्यांत बायाही होत्या, उन्हाळ्यात पाणी हटल्यावर बेशरम उपटलं, तळ नांगरला आणि पावसानंतर चिखलात पाणवनस्पती लावल्या. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, कमळाच्या जातीतली काही. चांगल्या तलावातून रोपं आणायची आणि धानासारखी रोवायची. कोणती वनस्पती किती पाण्यात जगते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे ढीवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मासे परतले, पाखरंही परतली. काणूक बदकांसमोर मी ‘२’ लिहिलं. तो आकडा इथपर्यंत यायला किती हातांनी चिखलात काम केलं, हे रकान्यात मावत नाही.

गोंदिया म्हटलं की लोक आधी सारसाचं विचारतात. विचारायलाच हवं. महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे सारस याच जिल्ह्यात उरलेत. अलीकडच्या गणनांत ते चाळिशीच्याही आत आहेत. विजेच्या तारा आणि शेतातली कीटकनाशकं त्यांच्या जिवावर उठली आहेत. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. आज आम्हाला सारस दिसला नाही. पण दिसलेली प्रत्येक जात लिहून यादी पूर्ण असल्याचं नोंदवलं की न दिसलेला पक्षीही त्या यादीत येतो. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो घेऊन निघून जाणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो: साळुंक्या, बगळे, टिबुकल्या, सगळं लिहा, आणि जिथे काही नाही तिथेही जा.

म्हणून तिसरा तलाव. त्याचं नाव लिहीत नाही. काठापासून आतपर्यंत बेशरम, त्याची फिकट जांभळी फुलं, मध्ये थोडं गढूळ पाणी. वंचक, गायबगळे, एक खंड्या, दोन टिबुकल्या. यादी संपली, तरी निमगावला जितका वेळ दिला तितकाच इथेही दिला. तसं केलं नाही तर दोन तलावांची तुलना कशी करायची?

सायकल लावून एक तरुण केव्हाचा आमच्याकडे पाहत होता. “इथं काई नाई जी. काऊन थांबले?”

आम्ही त्याला वही दाखवली. निमगावची यादी आणि त्याच्या गावाची यादी शेजारी शेजारी होती. त्याने दोन्ही सावकाश वाचल्या, काणूकवर बोट ठेवून हे कोणतं पाखरू ते विचारलं, दुर्बिणीतून आपला तलाव पाहिला. मग बेशरम उपटायला किती माणसं लागतात, रोपं कोण देतं, मच्छीमार सोसायटीला खर्च किती येतो, असं तो एकामागून एक विचारू लागला. ही उत्तरं निमगावचे लोकच देऊ शकत होते. त्याची सायकल जवळच्या घरी ठेवली, त्याला गाडीत बसवलं आणि पुन्हा निमगावकडे निघालो.