शेवटच्या पानावरचे शब्द

मुस्लिम मराठी लेखकाच्या पुस्तकाला पुष्कळदा एक जास्तीचं पान असतं. कथा संपते आणि 'शब्दार्थ' सुरू होतात. मेहर, इद्दत, खुला, वक्फ. प्रत्येक शब्दापुढे एक टिंब आणि एक मराठी शब्द. हे पान बहुधा घाईत लिहिलं जातं. आम्हांला मात्र वाटतं, की पुस्तकातलं सर्वांत जबाबदारीचं पान तेच आहे.

तसे अरबी-फारसी शब्द मराठीला परके नाहीत. अर्ज, तारीख, वकील, दप्तर, जमीन यांचा अर्थ कुणी विचारत नाही. माधव जूलियनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश दिला, तेव्हा मराठीनं शतकानुशतकं घरात घेतलेल्या शब्दांचाच हिशेब मांडला. पण आमच्या घरातले, निकाहातले आणि वारशातले शब्द ओसरीवरच राहिले. मराठी वाचकाला ते भेटले ते वादाच्या वेळी, वर्तमानपत्राच्या मथळ्यांतून.

'फतवा' घ्या. कुणी प्रश्न विचारला, तर मुफ्तीनं शरियतच्या आधारे दिलेलं मत म्हणजे फतवा. मराठीत मात्र 'साहेबांनी फतवा काढला' म्हणजे हुकूम सोडला. फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली स्पष्ट केलं. तरी मथळ्यातला फतवा हुकूमच राहिला.

'तलाक : घटस्फोट' ही दुसरी सोय. 2019 च्या कायद्यानं 'तलाक' या शब्दाची स्वतंत्र व्याख्या केली आहे. तिथं त्याचा अर्थ तलाक-ए-बिद्दत किंवा तसाच तात्काळ लागू होणारा, मागे न घेता येणारा तलाक, एवढाच आहे. आणि बायकोनं मागितलेला खुला? त्यात ती बहुधा मेहर सोडून देऊन सुटका मागते. हे सगळं 'घटस्फोट' या एका शब्दात कोंबलं, तर वाचकाच्या हाती काय लागणार?

सर्वांत मोठा घोटाळा मेहरचा. कुणी त्यापुढे 'हुंडा' असं लिहितं. हा अर्थ अपुरा नाही, उलटा आहे. हुंडा मुलीकडून जातो. मेहर नवऱ्यानं बायकोला द्यायचा असतो. तो तिचा असतो, तिच्या बापाचा नाही. नवरा वारला, तर ते त्याच्यावरचं कर्ज ठरतं, आणि वारसांच्या वाटण्यांआधी फेडावं लागतं.

आता आमच्या घरांकडे पाहू. आम्ही घरी दखनी बोलतो, शाळा मराठी, कुरआन अरबीत. उर्दू लिपी आमच्यातल्या अनेक मुलींना वाचता येत नाही. निकाहनामा मात्र पुष्कळदा उर्दूत असतो. त्यात मेहरचे दोन प्रकार येतात: मुअज्जल आणि मुवज्जल. उर्दूत एकात ऐन आहे, दुसऱ्यात वाववर हम्जा. त्यामुळे डोळ्यांना फरक दिसतो. देवनागरीत मात्र दोन्ही कधी कधी 'मुअज्जल' असेच लिहिले जातात. पहिला, निकाहानंतर बायको मागेल तेव्हा द्यायचा. दुसरा, ठरलेल्या मुदतीनंतर, नाहीतर तलाक किंवा मृत्यू झाल्यावर. एका अक्षरात मुलीचा हक्क आज की उद्या, हे ठरतं. सही करणाऱ्या मुलीला ते कुणी सांगत नाही, आणि भर मंडपात ती विचारूही शकत नाही.

म्हणून हे पान केवळ हिंदू शेजाऱ्यासाठी नाही. ते आमच्या मुलींसाठीही आहे.

मग व्याख्या लिहायची कशी? एका अवघड शब्दापुढे दुसरा अवघड शब्द ठेवू नये. 'इद्दत : प्रतीक्षाकाल' यानं काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहावं: तलाकनंतर किंवा नवरा वारल्यावर बाईनं दुसरा निकाह न करता थांबायचा काळ. विधवेला चार महिने दहा दिवस. तलाक झालेल्या बाईला साधारण तीन पाळ्यांचा, मोजणीत हनफी आणि कोकणातले शाफई यांचा थोडा फरक. गरोदर असेल, तर बाळंतपणापर्यंत. कोण, कुणाला, केव्हा, किती, एवढं आलं की व्याख्या उभी राहते. तिथं ना वकिली करावी, ना माफी मागावी. धर्मशास्त्र काय म्हणतं, देशाचा कायदा काय म्हणतो आणि गल्लीत प्रत्यक्षात काय चालतं, या तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात.

लिहून झालं, की ते दहावीतल्या मुलीला आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवावं. दोघींना ते आपल्या शब्दांत परत सांगता आलं, तरच छापायला द्यावं. आणि पुस्तकापुरतं थांबू नये. आपल्या मोहल्ल्यातल्या निकाहनाम्यात मुअज्जलपुढे 'मागताच द्यायचा' आणि मुवज्जलपुढे 'मुदतीनंतर द्यायचा' एवढे शब्द मराठीत घालायला काझीसाहेबांना सांगावं. त्याला ना परिषद लागते, ना ठराव.